अलीकडे काय वाचलंत, काय ऐकलंत? (आणि ऐकलेलं वाचलेल्यात धरायचं का?)

पोळ्या_लाटता_लाटता

आधीच सांगून टाकते, मी काही अभ्यासू वाचक नाही. लायब्ररीत कव्हर बघून पुस्तक उचलणाऱ्यांतली मी. त्यातही मधली आठ-नऊ वर्षं मुलं लहान, नोकरी, रोजचं कल्याण ते सीएसएमटी आणि परत, यात वाचन जे सुटलं ते सुटलंच. रात्री पुस्तक घेऊन आडवं व्हायचं, दोन पानं झाली की पुस्तक तोंडावर. एका कादंबरीचं पहिलं प्रकरण मी सहा वेळा वाचलंय, दुसऱ्यात काय आहे अजून माहीत नाही.

मग गेल्या वर्षी मैत्रिणीने ऑडिओबुकचं वेड लावलं. सुरुवात केली नारायण धारपांच्या भयकथांपासून. मूर्खपणा असा की रात्री साडेदहाला ओटा आवरताना, घरात सगळे झोपलेले, कानात हेडफोन, आणि मागून नवऱ्याने पाणी प्यायला म्हणून येऊन खांद्यावर हात ठेवला. कुकरचं झाकण त्याच्या पायावर पडलं, पुढचं सांगत नाही. पण एक कळलं, की धारप वाचताना आपण नकळत पुढची ओळ तिरक्या डोळ्याने बघून ठेवतो, तशी सोय कानाला नाही. जे येईल ते येईल. भीतीला हे फार मानवतं.

त्यानंतर शिवाजी सावंतांचं मृत्युंजय. कॉलेजात असताना वाचलेलं तेव्हा ढसाढसा रडले होते, आता ऐकताना काय झालं सांगू, थोडी चिडचिड झाली. कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली, कृष्ण असे सहा जण आपापल्या तोंडाने सांगतात ही कल्पना १९६७ साली किती भारी वाटली असेल! पण कानाने ऐकलं की लक्षात येतं सगळे एकाच वळणाचं बोलतात, तीच उपमांची माळ, तोच सूर्य. वाचताना डोळा हे सगळं भराभर ओलांडतो, कान बिचारा रांगेत उभा राहतो. तरी शेवटाकडे मी कामातून गेलेच. रथाचं चाक रुतलेलं असताना कल्याण आलं आणि गेलं, मी विठ्ठलवाडीला उतरले. म्हणजे सावंतांनी जिंकलंच म्हणायचं.

मिलिंद बोकिलांची शाळा ही कादंबरी मात्र कागदावर वाचली आणि ती कागदावरच वाचावी असं माझं ठाम मत. त्या मुकुंद जोशीच्या डोक्यात जे चालू असतं ना, शिरोडकर आज कुठल्या रस्त्याने जाईल, आपण कुठे उभं राहायचं, चित्र्या-सुऱ्याला काय थाप मारायची, ते आपण आपल्याच मनात बारीक आवाजात ऐकलं पाहिजे, कुणी मोठा माणूस गळा काढून वाचायला लागला तर सगळं विरजेल. माझा मुलगा नववीतच आहे, त्यालाही दिली. त्याचा एकच प्रश्न, फोन नव्हते तर ती भेटणारे की नाही हे कळायचं कसं? मी म्हटलं अरे तीच तर कादंबरी आहे. आणीबाणीचा भाग त्याला अजिबात कळला नाही, तो समजावण्यात एक रविवार गेला, तो रविवार मला फार आवडला हे जाता जाता.

आता खरा मुद्दा, ज्यासाठी धागा काढला. सासूबाई मूळच्या अचलपूरकडच्या. मागच्या महिन्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी काही दिवस डोळ्यांना ताण नको म्हटलं, आणि त्या दिवसभर पेपर वाचणाऱ्या बाई, नुसत्या कॉटवर बसून कंटाळून गेल्या. मी लायब्ररीतून उद्धव शेळक्यांची धग आणली, म्हटलं तुमच्याकडची कादंबरी आहे, वाचून दाखवते. मला स्वतःला ती कधी वाचवली नव्हती, पूर्वी एकदा आणून परत केलेली. संवाद सगळे वऱ्हाडी, डोळ्यांना टोचायचे, दर वाक्याला थांबायचं, अर्थ लावायचा, पुढे जायचं. आता मोठ्याने वाचायला लागले, पाच-सहा पानं झाली असतील, सासूबाई म्हणाल्या, "काहून वं, कोर्टात जबानी देल्यावानी कायले वाचून राह्यली?" आणि मग त्या स्वतः ते वाक्य म्हणायला लागल्या. मी वाचायचं, त्यांनी दुरुस्त करायचं. अहो तीच वाक्यं जिवंत झाली! कौतिक अशी समोर येऊन बसली. मला पहिल्यांदा कळलं की ही बाई नुसती सोसत नाहीये, तिच्या बोलण्यात केवढा ताठा आहे. कागदावर मला तो ऐकूच आला नव्हता.

तेव्हापासून माझं मत झालंय की बोलीतल्या कादंबऱ्या ही मुळात कानाची गोष्ट आहे, आपण शहरातले लोक त्या डोळ्यांनी वाचतो आणि अवघड म्हणून बाजूला ठेवतो. तुम्हाला काय वाटतं? आणि तुम्ही सध्या काय वाचताय / ऐकताय तेही लिहा. चार ओळी लिहिल्या तरी चालतील, माझ्यासारखं पाल्हाळ लावायची सक्ती नाही.

अर्धवट_सोडणारा

कुकरचं झाकण 😄😄

सध्या वाचतोय: हिंदू - जगण्याची समृद्ध अडगळ. सध्या म्हणजे २०१० ला आली तेव्हापासून. मोहेंजोदडोच्या उत्खननावरून खंडेराव मोरगावला निघालाय, मी अजून त्याच्या मागे मागे चालतोय. गंमत म्हणजे कुठलंही पान उघडून वाचलं की मजा येते, सलग वाचायला घेतलं की झोप येते. नावातच अडगळ आहे, अडगळीत माणूस एका टोकाने शिरून दुसऱ्या टोकाने बाहेर पडत नाही, अशी स्वतःची समजूत घालतो.

सातारी_कंदी

ऐकलेलं वाचलेल्यात धरायचं नाही. सॉरी. कुणी पुरणपोळीचं वर्णन केलं म्हणून आपण जेवलो का? वाचन म्हणजे तुम्ही आणि ते पान, मधे तिसरा माणूस नको. तिसरा आला की तो ठरवतो कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, कुठलं पात्र खलनायक. लोक ऑडिओबुक दीडपट वेगाने ऐकतात आणि वर्षाला शंभर पुस्तकं 'वाचली' म्हणून स्टेटस टाकतात त्याचा तर मला भयंकर राग आहे. बनगरवाडी दीडपट वेगाने ऐकणाऱ्याला माणदेशात चार दिवस मेंढरांमागे पाठवला पाहिजे.

बाकी सध्या बनगरवाडीच परत वाचतोय, कितव्यांदा ते मोजत नाही. एवढंसं पुस्तक, खिशात मावेल असं. औंध संस्थानातला कोवळा मास्तर धनगरांच्या वस्तीवर जातो, शाळा भरवतो, तालीम बांधायचं मनावर घेतो, आणि मग पाऊस पडत नाही. इतकंच. १९५५ मधलं पुस्तक आहे आणि एक शब्द शिळा झालेला नाही, कारण माडगूळकर कुठे गहिवरतच नाहीत. कारभारी गेला तेव्हासुद्धा नाहीत. आजकालचा लेखक तिथे दहा पानं रडला असता.

निवृत्त_टंकलेखक

सातारकर, तुम्ही माडगूळकरांचं नाव घेऊन ऐकण्याला नावं ठेवताय ही मोठी गंमत आहे. अहो माडगूळकर पुणे आकाशवाणीवर नोकरीला होते, आयुष्याचा केवढा काळ त्यांनी कानासाठी लिहिण्यात घालवला. आणि शंकर पाटील, मिरासदार आणि माडगूळकर हे तिघं गावोगाव कथाकथन करत हिंडायचे तेव्हा आम्ही सतरंजीवर मांडी घालून ऐकलेलं आहे. मिरासदारांचा तो सरळ चेहरा, समोर हजार माणूस लोटपोट आणि हे आपले इन्कम टॅक्सचा फॉर्म भरल्यासारखे उभे. नंतर पुस्तकात त्याच कथा वाचल्या, पण डोक्यात आवाज त्यांचाच. मग आम्ही त्या वाचल्या का ऐकल्या, सांगा बघू.

व.पुं.च्या कॅसेटी होत्या. पु.लं.चा रावसाहेब किंवा म्हैस कुणी पुस्तकात 'पहिल्यांदा' वाचली असेल असा माणूस आता शोधून काढावा लागेल. त्यामुळे हे ऑडिओबुक वगैरे नवीन काही नाही, फक्त पूर्वी मांडीला मुंग्या यायच्या आता कानाला येतात.

माझं सध्याचं वाचन विचाराल तर लाज वाटते, बाबूराव अर्नाळकर. नातवाने कुठूनशी जुनी पुस्तकं मिळवून दिली. काळापहाड आणि झुंजार. लहानपणी चार आणे वाचवून भाड्याने आणायचो, भूमितीच्या पुस्तकात घालून वाचायचो. या माणसाने हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. आता वाचताना गुन्हेगार तिसऱ्या पानावर कळतो. तरी संपवल्याशिवाय झोप लागत नाही.

सातारी_कंदी

काका, कथाकथन वेगळं. तिथे लेखक स्वतः सांगत होता. तुमचा मुद्दा मला मान्य आहे पण माझं मत मी बदलणार नाही 🙏

हर्णै_बंदर

बोलीचा विषय निघालाच आहे तर माझं एक जुनं दुखणं मांडतो. आमच्या शहरात एका हॉलमध्ये गारंबीचा बापूचं अभिवाचन होतं, मोठ्या हौसेने आई-बाबांना घेऊन गेलो. वाचणाऱ्या हौशी कलाकाराने बापूला मालवणी बोलायला लावलं! गो आणि रे आणि खंय आणि काय काय. अरे बाबांनो, ती लिहिणारे श्री. ना. पेंडसे मुर्डीचे, दापोली तालुक्यातले. आमच्या दापोली-खेडकडचं बोलणं वेगळं, सावंतवाडी-मालवणचं वेगळं, मधे अख्खा रत्नागिरी जिल्हा पडलाय. कोकण म्हटलं की सगळ्यांना मालवणी सुचतं, मच्छिंद्र कांबळींच्या नाटकांचा हा परिणाम, त्यांना दोष नाही, ती नाटकं थोरच. पण बापू असं बोलायला लागल्यावर माझे बाबा मध्यंतरात उठून बाहेर भजी खायला गेले ते आलेच नाहीत.

म्हणून पोळ्याताई, तुमचं म्हणणं पटतं पण त्याला एक जोड द्यायला हवी. बोली कानाची खरी, पण चुकीच्या तोंडातून आली तर कागद बरा. कागद निदान गप्प असतो.

सध्या तुंबाडचे खोत, पुन्हा एकदा. दोन जाडजूड खंड, चार पिढ्या, जगबुडीच्या काठावरचं गाव. पहिल्या खंडात अंगावर काटा आणणारे, माजलेले, बायकाजमिनींपायी वाटेल ते करणारे खोत, आणि दुसऱ्यात हळूहळू ती सगळी खोती विझत जाते, मधू खोतासारखा माणूस शिल्लक राहतो. लोक म्हणतात दुसरा खंड संथ आहे. मला तर आता चाळिशीनंतर दुसराच जास्त आवडायला लागलाय. माणसं किती ते लक्षात राहत नाही म्हणून कालनिर्णयच्या मागच्या पानावर वंशावळ काढून फ्रिजला लावली होती, बायकोला वाटलं माझ्या आजोळची आहे, तिने त्यात एक नाव दुरुस्तही केलं.

खिडकीपाशी

@हर्णै, वंशावळ 🤣

माझ्या नवऱ्याने तुंबाड सिनेमा बघून तुंबाडचे खोत आणलं होतं. दीडशे पानं झाल्यावर विचारतो, यात हस्तर कधी येणार. नाही येणार म्हटलं, गावाचं नाव सोडून काही संबंध नाही. तरी वाचत राहिला आणि पूर्ण केलं! वर म्हणतो हस्तरपेक्षा हे खोतच भयंकर आहेत. जन्मात पहिल्यांदा त्याने हजार पानांच्या वरचं मराठी पुस्तक संपवलंय, मी पेढे वाटायचे बाकी ठेवलेत.

कडाक्याची_थंडी

नमस्कार, स्टुटगार्टवरून. इथे मराठी पुस्तक हातात पडायचं म्हणजे कुणी भारतातून येताना आणलं तर, आणि येणाऱ्याच्या बॅगेत आधी भाजणी, मसाले, मग जागा उरली तर पुस्तक. त्यामुळे माझ्यासाठी वाचलं की ऐकलं हा वादच चैनीचा आहे, जे मिळेल ते. ट्राममध्ये ऐकते. मुलीला बोलता येतं मराठी पण वाचता येत नाही, देवनागरीची अक्षरं ओळखते, जोडाक्षर आलं की हात टेकते. तिने पु.लं.चे रावसाहेब ऐकले आणि बेळगावी हेल काढून घरभर फिरत होती. आता सातारी_कंदी म्हणतील की तिने पु.ल. वाचलेले नाहीत. बरोबर आहे, नाही वाचलेले.

मी स्वतः गेल्या सुट्टीत नंदा खरे आणले. उद्या आणि अंताजीची बखर, दोन्ही. उद्याला २०२० चं साहित्य अकादमी मिळालं होतं आणि त्यांनी ते नाकारलं, तेव्हापासून वाचायची होती. वाचताना दम लागतो, खरं सांगते. आज जे चाललंय तेच थोडं पुढे ढकललं की काय होईल, प्रत्येकावर कुणाची तरी नजर, आणि माणसं त्याला सरावलेली. हुशार पुस्तक आहे, पण मला कुणाबद्दल फार काही वाटेना, लेखकाला पात्रांपेक्षा जगाची जास्त काळजी होती असं वाटलं. अंताजीची बखर मात्र काय धमाल आहे! अठराव्या शतकातला एक चालू ब्राह्मण, मराठ्यांच्या बंगालच्या स्वाऱ्यांमध्ये इकडून तिकडे लोंबकळत, प्लासीपर्यंत जाऊन पोचतो, आणि सगळा मोठा इतिहास अंताजीच्या नजरेतून म्हणजे बुडाखालून दिसतो. आपल्याकडे ऐतिहासिक कादंबरी म्हटली की घोडा, तलवार आणि डोळ्यांत अंगार. हा माणूस आधी जेवायचं बघतो. हीच मला कुणीतरी जुन्या हेलात वाचून दाखवावी असं वाटतं, भाषा इतकी खमंग आहे.

मेकॅनिकल_ब्रँच

मी फोनला वाचायला लावतो. ई-बुक घ्यायचं आणि फोनमधला जो यंत्राचा आवाज असतो तो लावायचा, फुकट काम. ऑफिसला जाताना गाडीत ययाति लावली होती. शुक्राचार्य शाप देतात ना, तर ययातीला जरा येते. जरा म्हणजे म्हातारपण, जहाजातला ज. यंत्र वाचतंय जरा, जरा थांब मधला ज! राजाला जरा आली. राजाने मुलाला विचारलं माझी जरा घेतोस का. मला कळेचना काय जरा, चहा जरा का साखर जरा. पुरूने बापाची जरा घेतली तेव्हा मी सिग्नलला एकटाच हसत होतो, बाजूचा रिक्षावाला बघतच राहिला. खांडेकरांच्या १९५९ च्या गंभीर कादंबरीची मी अशी वाट लावली, ज्ञानपीठवाल्यांची माफी मागतो.

च आणि ज चे दोन दोन उच्चार आहेत आणि ते लिहिताना दाखवायची आपल्यात पद्धत नाही, मराठी माणसाला ते आपोआप कळतं. यंत्राला कोण सांगणार.

सातारी_कंदी

हे वाचून माझं मत अजून पक्कं झालं 😂

घाटरस्ता

कामामुळे महिन्यातले पंधरा दिवस गाडी चालवत असतो, कोल्हापूर, रत्नागिरी, कधी बेळगाव. त्यामुळे ऐकणं हाच माझा पोटापाण्याचा भाग झालाय. सुहास शिरवळकरांच्या रहस्यकथा ड्रायव्हिंगला एकदम फिट. अमर विश्वास, फिरोझ इराणी, दारा बुलंद. शेवटच्या दहा मिनिटांत सगळं उलगडतं तेव्हा मी मुद्दाम गाडी टपरीवर थांबवून चहा घेत ऐकतो, घाटात धोका नको. साहित्य म्हणून काय आहे ते जाणकारांनी ठरवावं, मला जागं ठेवलं यात सगळं आलं.

पण एक पुस्तक मी ऐकायला नको म्हणून कागदावर घेतलं, रारंग ढांग. मित्राने सांगितलं होतं रस्त्यावर जगणाऱ्या माणसाने वाचलंच पाहिजे. लेखक प्रभाकर पेंढारकर माहितीपट करणारे, सिनेमावाल्या भालजींचे चिरंजीव, आणि ते लिहिण्यात दिसतं, कुठे काही सजवलेलं नाही, कॅमेरा ठेवल्यासारखं. विश्वनाथ मेहेंदळे नावाचा इंजिनियर हिमालयात लष्कराच्या रस्त्याच्या कामावर जातो, समोर तो उभा कडा, त्यातून रस्ता कोरायचाय, आणि रस्ता कोरता कोरता मजूर मरतात. मरतात म्हणजे एखाद्या ओळीत. रजिस्टरमध्ये नोंद झाली, संपलं. याला ते पचत नाही, लष्कराला त्याचं न पचणं पचत नाही. मेजर बंबा मला आधी खडूस वाटला, शेवटी त्याच्याबद्दलच जास्त वाटलं. ते पुस्तक वाचल्यापासून नव्या घाटरस्त्याने जाताना कातळाच्या भिंतीकडे बघतो आणि हे कुणी फोडलं असेल असं मनात येतं. आधी फक्त टोल किती ते मनात यायचं.

ठेचा_भाकर

पोळ्याताई, अकोल्याहून लिहितो. तुमच्या सासूबाईंना नमस्कार सांगा, त्यांचं ते जबानीवालं वाक्य वाचून आमच्या घरी सगळे हसले.

धग माझ्या आजीची कथा आहे असंच मला वाटत आलंय, खरोखर तिची नाही पण तिच्या पिढीतली प्रत्येक दुसरी बाई कौतिकच होती. नवरा महादेव, शिवणकामावर घर चालेना, मग त्याचा तो रोग, आणि पोरांसाठी ही बाई दुसऱ्याच्या वावरात राबते. १९६० मध्ये आली. आमच्याकडे ही शोकांतिका म्हणून कुणी वाचत नाही, बातमी म्हणून वाचतात. पण एक सांगू, रागावू नका. पुण्या-मुंबईकडचे लोक वऱ्हाडी म्हटलं की एकतर विनोदी करतात नाहीतर दीनवाणी. सिनेमात नोकराला वऱ्हाडी बोलायला लावतात. तुम्ही जो ताठा म्हणालात ना तो बरोबर शब्द आहे. आमची भाषा मुळात ताठ आहे. "मले काय करा लागते" हे वाक्य रडत पण म्हणता येतं आणि कंबरेवर हात ठेवून पण. कौतिक बहुतेक वेळा हात ठेवून म्हणते.

आणि ते "राह्यली" मधला ह्य नीट काढा, मुंबईचे लोक रायली म्हणतात 🙂

खिडकीपाशी

मग ताईंना वाचून दाखवायची जबाबदारी तुमच्यावरच टाकायला हवी. रेकॉर्ड करून पाठवा की एक प्रकरण!

नियमावर_बोट

रेकॉर्ड करून घरातल्या आजारी माणसाला ऐकवलं तर कुणी काही म्हणणार नाही, पण उत्साहाच्या भरात यूट्यूबवर चढवू नका. लेखक जाऊन साठ वर्षं होईपर्यंत आपल्याकडे कॉपीराइट असतो, लेखकाचे घरचे असतात, प्रकाशक असतात. आधीच मराठी पुस्तकांचे पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर फुकट फिरत असतात, लोक अभिमानाने पाठवतात, घ्या शंभर पुस्तकं. त्या शंभरातलं एक कुणी उघडत नाही ही त्यातल्या त्यात चांगली बाजू.

वाचन: कृष्णात खोत यांची रिंगाण, २०२३ च्या अकादमीवाली. धरणात उठलेल्या गावची माणसं, मागे सोडून आलेली म्हैस आणायला परत जातात आणि ती म्हैस आता माणसाळलेली राहिलेली नाही. याच विषयावरची विश्वास पाटलांची झाडाझडती पूर्वी वाचली होती, तीत मोर्चे, कचेऱ्या, कागद, सगळा पसारा. इथे पसारा नाही, एक म्हैस. आणि बोली तर पहिल्या पानापासून नाकातोंडात पाणी गेल्यासारखी अंगावर येते. पहिली वीस पानं मला जड गेली. धागा वाचून आता वाटतंय परत मोठ्याने वाचावी, पण घरात कुत्रा सोडून ऐकायला कुणी नाही.

अर्धवट_सोडणारा

कुत्र्याला म्हशीची गोष्ट आवडेल.

कोसलाबद्दल कुणीच कसं बोललं नाही अजून? माझ्या मते ती अजिबात ऐकू नये. ते उदाहरणार्थ आणि वगैरे डोळ्यांनी वाचताना हळूच चिमटा काढतात, कुणी मोठ्याने म्हणायला लागलं की शाळेतलं भाषण होतं वगैरे. आणि नायकाची धाकटी बहीण मनी जाते तो भाग तर कुणी दुसऱ्याने माझ्यासमोर वाचूच नये. तो मी एकदाच वाचलाय, पुन्हा ती पानं आली की बोटाने धरून एकदम उलटतो. हो, कोसला मी पूर्ण केलीये. माझ्या पूर्ण केलेल्या यादीतली ती एकमेव म्हणालात तरी चालेल.

पोळ्या_लाटता_लाटता

किती छान छान लिहिलंय सगळ्यांनी, ट्रेनमध्ये वाचत होते आणि परत स्टेशन हुकता हुकता राहिलं. यादी केलीये, अंताजी आणि रारंग ढांग आधी. @हर्णै_बंदर, तुमच्या बाबांची भजी मी विसरणार नाही. चुकीच्या तोंडातून आली तर कागद बरा हे अगदी मान्य, कारण चुकीचं तोंड इथे माझंच होतं.

@सातारी_कंदी, मी विचार केला तुमच्या तिसऱ्या माणसाबद्दल. आमच्या बाबतीत तिसरा माणूस मी होते, पान आणि सासूबाई यांच्या मधली. आणि त्यांनीच मला बाजूला सारून पानाशी थेट बोलायला सुरुवात केली. म्हणजे तुम्ही बरोबर आहात की मी, ते मला आता कळेनासं झालंय.

आणि @ठेचा_भाकर दादा, तुम्ही निरोपातून पाठवलेली ती दहा मिनिटं रात्री जेवणं झाल्यावर लावली. सासूबाई डोळ्यांवर तो काळा चष्मा लावून कॉटवर बसलेल्या. तुमचा आवाज सुरू झाला, पहिल्या दोन वाक्यांनंतर त्यांनी मला हाताने थांबायची खूण केली, मी फोन थांबवला, म्हटलं काय झालं, आवाज मोठा करू का. तर म्हणाल्या, "हा कोनाचा पोरगा होय वं? अकोल्याकडचा दिसते." मी म्हटलं हो. "मंग मागून लाव, पहिल्यापासून. तू बोलली मधात."

मी बोलले नव्हते, पातेलं ठेवलं होतं फक्त. पण लावलं पहिल्यापासून.